टीव्ही स्लिम झाला, पण पडद्यावरचा काळोख गेला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले पंधरा दिवस आपल्या अंकात रोज पान भरभरून टीव्हीच्या जाहिराती येत आहेत. दिवाळी तोंडावर आली आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे यंदा पुष्कळ घरांनी मोठा टीव्ही घ्यायचं मनावर घेतलं आहे. माझ्या दुकानात रोज चार-पाच जण तरी डोकावतात आणि विचारतात, "कुठला घेऊ?" मी टीव्ही विकत नाही, दुरुस्त करतो. १९८८ पासून कराडात हेच काम करत आलो आहे. लाकडी खोक्यातले ब्लॅक अँड व्हाइट सेट या हातांनी उघडलेत आणि कालच एक ६५ इंची उघडला.

या जाहिरातींत एक गोष्ट सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते, ती म्हणजे टीव्ही किती बारीक आहे. फोटोही मुद्दाम कडेने काढलेला असतो. त्या बारीकपणासाठी चित्रातलं काय सोडून दिलंय, ते ना जाहिरातीत असतं, ना खोक्यावर, ना दुकानातला मुलगा सांगतो. ते लोकांना खरेदीआधी कळावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. जरा लांबेल, पण छापावं ही विनंती.

गणपतीच्या आधी माझ्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी मला सहावी-सातवीला मराठी शिकवलं. आता त्या ७८ वर्षांच्या आहेत, घरी एकट्याच असतात. "अरे, टीव्हीत ढग आलेत. येऊन बघ जरा." मुलाने वाढदिवसाला ५५ इंची टीव्ही पाठवला होता, कडेला बोटाएवढा बारीक. संध्याकाळी साडेसातला गेलो. बाईंनी ट्यूबलाइट बंद केली आणि पेनड्राइव्ह लावायला सांगितला.

त्यांचे यजमान हौशी रंगभूमीवर काम करायचे. राज्य नाट्य स्पर्धेतल्या त्यांच्या एका प्रयोगाची व्हीएचएस कॅसेट होती, ती मीच काही वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर पूर्ण अंधार होतो. एक खुर्ची, एक प्रकाशझोत आणि त्यात काका बसलेले. कॅसेटवरचं चित्र मुळातच भुरकट आहे, त्याचा दोष मी टीव्हीला देणार नाही. पण अंधार हा अंधार असतो, त्याला काही फोर-के लागत नाही. या नव्या टीव्हीवर तो अंधारच नव्हता. चारही कोपऱ्यांतून निळसर उजेड आत आलेला. खाली डावीकडे हातरुमालाएवढा पांढुरका डाग, वर मधोमध एक लांबट ढग. आणि काकांच्या मागे पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत उभाच्या उभा एक फिकट पट्टा. काका खुर्चीवरून उठून उजवीकडे दोन पावलं गेले. पट्टा क्षणभर जागेवरच राहिला आणि मग झटक्यात त्यांच्या मागे गेला.

बाई म्हणाल्या, "अंधारात ते एकटेच दिसायला हवेत रे. तसाच बसवला होता तो प्रवेश."

कंपनीचा माणूस आधी येऊन गेला होता. त्याने मोबाइलवर फोटो काढले, कुठेतरी पाठवले आणि सांगितलं की पॅनेल, म्हणजे चित्राचा पडदा, मर्यादेत आहे, बदलून मिळणार नाही. ही मर्यादा कुठली, ती कोणी ठरवली, कुठे लिहिलीय, हे बाईंनी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. बिचाऱ्याचा दोषही नाही, त्यालाही ते कोणी दिलेलं नाही.

आता हे का होतं ते सांगतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो, त्याचं चित्र एलईडीचं नसतं. चित्र एलसीडीचं असतं, एलईडी फक्त मागचा दिवा. एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्यात लाखो बारीक झडपा असतात, त्या उघड-बंद होऊन मागचा उजेड सोडतात किंवा अडवतात. लाकडी खिडकीची झडप कितीही घट्ट लावली तरी दुपारी फटीतून उन्हाची रेघ येतेच, तसंच इथे होतं. आयपीएस नावाच्या पॅनेलमध्ये पांढऱ्याच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतका उजेड काळ्यातूनही पाझरतो. व्हीए नावाच्या पॅनेलमध्ये तो तीन ते पाच हजाराव्या हिश्श्यावर येतो. दिवसा खोलीत ऊन असताना दोन्ही सारखेच वाटतील. रात्री दिवा घालवून बसलात की फरक पडद्यासमोर बसलेल्या लहान मुलालाही कळतो.

म्हणजे काळा रंग हवा असेल तर झडपेवर विसंबून भागत नाही, मागचा दिवाच तेवढ्या जागेपुरता मंद करावा लागतो. हे करायचं तर दिवे पडद्याच्या पाठीमागे सगळीकडे पसरलेले हवेत आणि त्यांचे गट वेगवेगळे चालवता आले पाहिजेत. त्याला जाडी लागते, कारण एलईडी हा एक ठिपका असतो. त्याचा उजेड पसरून सारखा व्हायला मध्ये थोडी रिकामी जागा सोडावी लागते.

बारीक टीव्हीत ही जागाच काढून टाकलेली असते. मी जेव्हा असा सेट टेबलावर पालथा घालून उघडतो, तेव्हा आत बहुतेक वेळा एलईडीची एकच पट्टी सापडते, तळाच्या कडेला किंवा एका बाजूला. तिच्या समोर तीनेक मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा मोठा तक्ता. उजेड त्या तक्त्याच्या कडेतून आत शिरतो आणि आतल्या आत उड्या मारत पलीकडच्या टोकापर्यंत जातो. तक्त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके छापलेले असतात, रांगोळीच्या कागदावर असतात तसे. पट्टीजवळ विरळ आणि बारीक, लांब जावं तसे दाट आणि ठसठशीत. ज्या ठिपक्यावर उजेड आपटतो तिथून तो पुढे पडद्याकडे फुटतो. ज्याने हे शोधलं त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार आहे. एका कडेच्या दिव्याने चार फूट रुंदीचा पडदा उजळवणं ही साधी गोष्ट नाही.

पण या रचनेला कुठलाही धक्का सोसत नाही. तक्ता, त्यावरचे तीन-चार पातळ कागद, पुढची काच, सगळं एका अरुंद चौकटीत दाबून बसवलेलं. चौकट कुठे जरा जास्त आवळली गेली, ट्रकमधून टीव्ही आडवा झोपवून आणला, भिंतीवर बसवताना एका बाजूने जोर पडला किंवा कडेच्या एलईडींच्या उष्णतेने तक्ता किंचित फुगला, की तेवढ्या जागी उजेडाची वाट बदलते. बाईंचे ढग तेच. कोपऱ्यांतला उजेडही तिथलाच, कारण तिथे चौकट दोन्ही बाजूंनी दाबते. आणि तो उभा पट्टा? दिवे फक्त तळाला असल्यामुळे काकांपुरता उजेड वाढवताच येत नाही. त्यांच्या खालचे चार-सहा एलईडी वाढवले की वरपर्यंतचा सगळा स्तंभ उजळतो. अंधाऱ्या सिनेमात वाहिनीचं पांढरं बोधचिन्ह कोपऱ्यात असेल तर त्याच्या खालची सगळी बाजू राखाडी होते, ती याचमुळे.

क्रिकेटमध्ये दुसरा त्रास दिसतो. कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकला की काचेवरून ओलं फडकं फिरवल्यासारखे मळकट पट्टे दिसतात. लोक पडदा पुसून पुसून थकतात. माझ्याकडे एक जण कसल्याशा रसायनाने पुसून पडद्याचं वरचं आवरणच खराब करून आला होता. मळ बाहेर नसतोच, मागचा उजेड सारखा नसतो.

बघण्याच्या कोनाचं वेगळंच. आपल्याकडे टीव्ही भिंतीवर पार वर, लॉफ्टच्या खाली टांगायची पद्धत पडली आहे. घरातली निम्मी माणसं जमिनीवर चटई टाकून बसतात, आजोबा दिवाणावर कडेला. व्हीए पॅनेलचा काळा समोरून उत्तम, पण खालून किंवा कडेने पाहिलं की रंग धुतल्यासारखे होतात. आयपीएस कडेनेही रंग राखतं, पण त्याचा काळा मुळात राखाडी. यात दोन्ही एकदम मिळत नाही. घरात कोण कुठे बसतं ते पाहून निवडावं लागतं, आणि त्यासाठी आत कुठलं पॅनेल आहे ते आधी कळावं लागतं. खोक्यावर ते नसतं.

एलईडीची सुरुवात कशी झाली ते आठवलं की जास्त वाईट वाटतं. २००४ साली सोनीने क्वालिया ००५ नावाचा टीव्ही काढला, एलईडीच्या बॅकलाइटचा, म्हणजे मागच्या दिव्याचा, तो पहिला. त्यात लाल, हिरवे आणि निळे असे वेगवेगळे एलईडी पडद्याच्या मागे बसवले होते, आणि ते रंग अधिक शुद्ध दिसावेत म्हणून. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती, पण एलईडी आला तो चित्रासाठी. २००८ मध्ये त्याच कंपनीने कडेने दिवे लावलेला झेडएक्स-१ काढला, सर्वांत बारीक जागी ९.९ मिलिमीटर. त्यानंतर सगळ्या कंपन्या मिलिमीटर मोजायला लागल्या. २००९ पासून बाजारात 'एलईडी टीव्ही' हे नावच रूढ झालं. ब्रिटनमध्ये तर त्याच वर्षी जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने एका मोठ्या कंपनीला सुनावलं होतं की हा एलसीडीच आहे, फक्त दिवे एलईडीचे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे अजूनही दहातले नऊ जण मला म्हणतात, "एलसीडी नको, एलईडी सांगा."

एलईडीने काही दिलंच नाही असं मी म्हणत नाही. त्याआधीच्या एलसीडीमध्ये मागे बारीक ट्यूबलाइटी असायच्या, त्यांत पारा असायचा, त्यांना शेकडो व्होल्ट द्यावे लागायचे आणि ते देणारा इन्व्हर्टर बोर्ड जळणं हे रोजचं होतं. एलईडीने वीज वाचली, पारा गेला, वजन कमी झालं. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते योग्यच झालं. आज टीव्हीमागचा पांढरा उजेड बहुतेक त्याच निळ्या एलईडीवर पिवळ्या भुकटीचा थर देऊन केलेला असतो. माझी तक्रार दिव्याबद्दल नाही. दिवा कडेला नेऊन ठेवला आणि ते गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, याबद्दल आहे.

जाड टीव्ही तेवढा चांगला, असंही समजू नका. स्वस्तातल्या ३२ आणि ४३ इंची टीव्हीत दिवे पाठीमागेच असतात, म्हणून त्यांची पाठ फुगीर असते. पण पैसे वाचवायला पट्ट्या आणि एलईडी कमीत कमी वापरतात, प्रत्येकावर एक भिंग चिकटवतात आणि एलईडी जोरात पेटवतात. गट वेगळे चालवायची सोय नसते, त्यामुळे जाडी असूनही काळा रंग मिळत नाही. दोन-तीन वर्षांत भिंग गळून पडतं आणि पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो. गिऱ्हाईक म्हणतं, "चांदण्या पडल्यात." नाहीतर एक एलईडी जातो, आणि सगळे एका माळेत जोडलेले असल्यामुळे अख्खी माळ विझते. आवाज येतो, चित्र नाही. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्याजवळ बॅटरी धरा, चित्र आत चाललेलं पुसट दिसतं. बातम्या सांगणारी बाई तिथेच असते, तिच्या मागचा दिवा गेलेला असतो. महिन्याला वीस-पंचवीस सेट तरी याच कामाचे येतात माझ्याकडे. यातले पुष्कळ दोन वर्षं जास्त चालले असते, कारण आलेल्या प्रत्येक सेटमध्ये बॅकलाइट १०० वर ठेवलेला दिसतो. तो ५०-६० वर आणा. डोळ्यांनाही बरं आणि पट्टीलाही.

पैसे असतील तर चांगले पर्याय आहेत. २०१९ पासून मिनी एलईडीचे टीव्ही येतात, त्यात हजारो बारीक दिवे आणि शेकडो गट असतात. अंधारातल्या समईभोवती थोडं धुकं दिसतं, पण बाकी काळोख शाबूत राहतो. ओएलईडीत तर मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून तो बारीकही असतो आणि काळाही. फक्त तो महाग आहे, उन्हाच्या खोलीत कमी पडतो, आणि ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी लावलेली असते तिथे खालच्या पट्टीचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते. अशा घराला मी ओएलईडी घ्या म्हणत नाही.

आवाजाबद्दल एकच वाक्य. बारीक पेटीत स्पीकरला जागा नसते, म्हणून तो खाली तोंड करून बोलतो, आणि मग साउंडबार वेगळा घ्यावा लागतो.

दुकानात यातलं काही दिसत का नाही? कारण दुकानात डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची रांग असते, टीव्ही सगळ्यात भडक मोडवर असतो आणि चालू असलेल्या चित्रफितीत फुलं, फळं, पोपट आणि समुद्र. त्यात काळा रंग शोधून सापडत नाही. 'दहा लाखास एक कॉन्ट्रास्ट', म्हणजे काळ्यापेक्षा पांढरा किती पट उजळ, असा आकडाही लावलेला असतो. तो पूर्ण पांढरा पडदा आणि दिवा विझवलेला काळा पडदा असा वेगवेगळ्या वेळी मोजलेला असतो. एकाच चित्रात दोन्ही असताना तो कामाचा नाही.

माझं मागणं फार नाही. वीज किती लागते हे सांगायला तारे छापलेलं लेबल असतं, आणि लोक ते बघून खरेदी करायला शिकलेही. तशाच चार ओळी चित्राच्या छापा. दिवे कडेला आहेत की पाठीमागे, वेगळे चालणारे गट किती, पॅनेल व्हीए की आयपीएस, उजेड जास्तीत जास्त किती. आणि पॅनेल 'मर्यादेत' आहे म्हणून ग्राहकाला परत पाठवत असाल, तर ती मर्यादा वॉरंटीच्या कागदावर लिहून द्या, मराठीतही. खोटा दावा केला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. पण इथे खोटं कोणी बोलतच नाही. फक्त गप्प राहतात, आणि ६०-७० हजार रुपये मोजणाऱ्या माणसाला सहा महिन्यांनी ढग दिसतात. दुकानदारांनाही सांगणं आहे. एक कोपरा पडदा ओढून अंधारा करा. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक साडी दारात नेऊन उन्हात रंग बघतं, त्याला आपण नाही म्हणत नाही. टीव्ही अंधारात बघू द्यायला काय हरकत आहे?

बाईंच्या टीव्हीचं मी जमेल तेवढं केलं. मोड बदलून सिनेमाचा लावला, बॅकलाइट १०० वरून ३० वर आणला, दिव्यांची आपोआप उघडझाप बंद केली तेव्हा तो धावता पट्टा गेला. टीव्ही भिंतीवरून उतरवून टेबलावर त्यांच्या नजरेच्या उंचीला ठेवला आणि मागे एक लहान दिवा लावला, त्याने ढग जरा कमी जाणवतात. बातम्या, कीर्तन, मालिका आता नीट दिसतात. खालचा डाग मात्र आहे तिथेच आहे. तो जाणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग माळ्यावरचा त्यांचा जुना २१ इंची सेट आम्ही दोघांनी मिळून खाली काढला. दोन कपॅसिटर बदलले, सोल्डरिंग पुन्हा केलं आणि डीव्हीडी प्लेअरमधून पेनड्राइव्ह जोडला. तो प्रवेश लागला. काच काळीशार, मध्ये काका. बाई काही बोलल्या नाहीत, पूर्ण होईपर्यंत बघत राहिल्या. त्या सेटची पिक्चर ट्यूब गेली तर दुसरी आणणार कुठून, याची मला काळजी आहे. म्हणून मोडीत निघालेले दोन सेट दुकानात मागे ठेवून दिले आहेत.

दिवाळीत टीव्ही घेणाऱ्यांसाठी मी एका पेनड्राइव्हवर चार गोष्टी भरून ठेवल्या आहेत. पूर्ण काळा पडदा, पूर्ण राखाडी पडदा, काळ्यावर सरकणारा एक पांढरा चौकोन आणि रात्रीच्या रस्त्याचं मी स्वतः काढलेलं दोन मिनिटांचं चित्रीकरण. दुकानात टीव्हीला लावा, दिवे मालवायला सांगा, आधी समोर उभे राहून आणि मग खाली बसून बघा. आमच्या भागातल्या कोणालाही हवं असेल तर रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावं, भरून देईन. पैसे घेणार नाही.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, कराड (जि. सातारा)